आयर्लंडचे सोयरे

माझ्या घरी दिवाणखान्यात काचेचं एक कपाट आहे. त्यात माझी सन्मानचिन्हं आहेत. काही पितळी, काही लाकडी, आणि बरीचशी त्या पारदर्शक प्लास्टिकची. पाहुणा आला की मी त्याला अगदी सहज म्हणून त्या कपाटासमोरच्या खुर्चीत बसवतो, पंखा तिकडेच चांगला लागतो असं सांगतो, आणि मग त्याची नजर कधी वर जाते याची वाट पाहत बसतो. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण ज्या माणसाबद्दल लिहायला बसलोय, त्याने त्या खुर्चीत बसून, कपाट वरपासून खालपर्यंत नीट पाहून, एकच शंका विचारली होती.

"याले कुलूप कायले? कोन नेईन?"

अनसिंगच्या कॉलेजात आम्ही बरोबर होतो. ते राज्यशास्त्राचे, मी इंग्रजीचा. निदान पगारपत्रकावर तसं लिहिलेलं आहे. ते मला नावाने कधी हाक मारत नसत. "काय इंग्रजी, जेवला का?" असं विचारत. त्यांना मात्र कोणी 'सर' म्हटलेलं चालत नसे. नवीन पोरं सवयीने म्हणून जायची, आणि मास्तर हातातला खडू टेबलावर ठेवून विचारायचे, "माह्या खांद्यावर कोन्या राजानं तलवार ठेवली रे? मास्तर म्हन." इंग्लंडचा राजा कोणाला 'सर' करतो तेव्हा त्याच्या खांद्यावर तलवार टेकवतो; पोरांना त्यातलं काही कळत नसे, पण मास्तर म्हणायला ती शिकायची. प्राचार्यांनाही शिकावं लागलं.

तलवारीचा हा विषय कुठून आला, ते सांगायला हवं. भारताच्या राज्यघटनेतली मार्गदर्शक तत्त्वं आयर्लंडकडून घेतली, हे स्पर्धापरीक्षेची तयारी करणारं कुठलंही पोट्टं झोपेतसुद्धा सांगेल. आम्ही सगळे ते एका गुणासाठी पाठ करून मोकळे झालो. मास्तर तिथेच अडकले. "तत्त्वं घेतली म्हंजे त्याहीची लेक आपल्या घरात आली," ते म्हणायचे. "सोयरे झाले ना ते आपले. मंग सोयऱ्याघरची खबर ठेवा लागते का नाही?"

आणि खबर ते ठेवत. वर्गात जगाचा एक जुना नकाशा होता. त्यावर आयर्लंड बोटाच्या नखाएवढं, आणि मास्तरांनी वर्षानुवर्षं त्यावर बोट ठेवून ठेवून ते पार पुसून टाकलं होतं. आमच्या कॉलेजची पोरं त्या पांढऱ्या डागालाच आयर्लंड समजत. तिकडच्या एखाद्या गायकाला, नटाला, दानशूर व्यापाऱ्याला इंग्लंडच्या राणीने, आणि राणी गेल्यावर राजाने, किताब दिल्याची बातमी मोबाइलवर आली, की मास्तर स्टाफरूममध्ये चष्मा कपाळावर चढवून तिचा कीस पाडायचे. त्याने घेतला का? घेतला तर नावाआधी सर लावून राह्यला का? आधी घरी विचारलं का?

घरी म्हणजे आपल्या सरकारला. मास्तरांच्या म्हणण्याप्रमाणे, आणि ते खरंच होतं, मी चोरून तपासलं, आयरिश माणूस इंग्लंडच्या राजाची प्रजा नाही, म्हणून त्याला मिळतो तो नुसता मानाचा किताब. तो छातीवर लावावा, पण नावापुढे 'सर' लावू नये. शिवाय त्यांच्या घटनेत लिहिलेलं आहे की असलं काही घ्यायचं तर आधी आपल्या सरकारची संमती घ्यायची. आणि ते सरकार स्वतः कोणालाही सरदारकी देत नाही. "आपलं पदव्या बंद करनारं अठरावं कलम त्याचंच भाऊबंद आहे," मास्तर म्हणायचे, आणि एवढं म्हणताना त्यांच्या चेहऱ्यावर लग्न जमवलेल्या माणसाचं समाधान असे.

त्यांची आवडती गोष्ट मात्र एका वेगळ्याच आयरिश माणसाची होती. इंग्रजांनी त्याला आधी सर केलं. पुढे तो आपल्या देशाच्या स्वातंत्र्याच्या नादी लागला, म्हणून त्याला फाशीची शिक्षा झाली. आणि फाशी देण्याआधी किताब काढून घेतला. "म्हंजे पाहा," मास्तर आवाज खाली आणून सांगायचे, "सर असलेल्या मानसाले लटकवाची त्याहीले लाज वाटली. आधी उतरवला, मंग चढवला." वर्ग गप्प व्हायचा. मी शेजारच्या वर्गात कर्मणी प्रयोग शिकवत असायचो, आणि माझा वर्गही गप्प होऊन तिकडचंच ऐकायचा.

आयर्लंडच्या सरकारसारखेच मास्तरही आपल्या माणसांना काही देत नसत. कौतुकाचा शब्द तर नाहीच. एकदा जिल्हा पातळीवर माझं व्याख्यान झालं. मी पंधरा दिवस आरशापुढे तयारी केली होती. परत येताना एसटीत शेजारी बसलेल्या मास्तरांना मी तीन वेगवेगळ्या वाटांनी विचारून पाहिलं. शेवटी वैतागून ते म्हणाले, "आयकू आलं." मी ती पावती अजून जपून ठेवली आहे, ती कपाटात ठेवता येत नाही एवढंच.

आपल्याकडे सत्काराला तोटा नाही. कुठलाही कार्यक्रम असो, गणपती असो की बँकेची शाखा, एक शाल आणि एक नारळ कोणाच्या तरी वाट्याला येतोच. मास्तरांच्या वाट्याला आला की ते शाल उचलून घडी मोडू न देता आयोजकाच्या हातात परत ठेवत, आणि नारळ मात्र पिशवीत टाकत. कोणी विचारलं तर म्हणायचे, "नारळ पदवीत येत नाही." घरी त्यांची बायको, म्हणजे आमच्या सगळ्यांच्या काकू, त्याची चटणी करायच्या. एकदा एका भाबड्या महिला मंडळाने खुद्द काकूंसाठी शाल पाठवली होती. तीसुद्धा मास्तरांनी परत केली, आणि ते काकूंना दुसऱ्या दिवशी कळलं. त्या दिवशी चटणीत मीठ जास्त होतं, एवढं मला आठवतं, कारण डबा आम्ही वाटून खायचो.

मला 'आदर्श शिक्षक' पुरस्कार मिळाला, तेव्हा मी मास्तरांना आग्रहाने घरी बोलावलं. पेढे दिले. त्यांनी पेढा खाल्ला आणि माझ्या बायकोला मोठ्याने विचारलं, "वहिनी, यानं तुमची परवानगी घेतली होती का?"

"मले कोन विचारते?" ती म्हणाली. "विचारलं असतं त नाहीच म्हटलं असतं. दिवाळीले त्या कपाटाची धूळ मी पुसतो का हे पुसतात?"

मास्तर खूश झाले. मी दोघांनाही इंग्रजीत एक वाक्य ऐकवलं. ते कोणालाच समजलं नाही, आणि मलाही ते व्याकरणात बसल्यासारखं वाटलं नाही.

आता काकूंबद्दल. दसरा-दिवाळी झाली की आमच्या भागातल्या वाड्यांमधली माणसं ऊस तोडायला पश्चिम महाराष्ट्रात जातात, ती होळीच्या आसपास परततात. पोरं बरोबर नेली तर शाळा बुडते, ठेवली तर सांभाळायचं कोणी? काकूंनी एका वर्षी एका पोरीला ठेवून घेतलं. पुढच्या वर्षी तिची भावंडं आली, मग शेजारच्यांची. मास्तरांच्या घरात हिवाळाभर पाय ठेवायला जागा नसे. काकू पहाटेपासून भाकरी थापत, उवा काढत, ताप पाहत, आणि कोणी परीक्षेत नापास झालं की मास्तरांवर ओरडत. यात मास्तरांचा वाटा म्हणाल तर संध्याकाळी पोरांना ओळीत बसवून आयर्लंडची खबर सांगणं.

तीन-चार वर्षांपूर्वीची गोष्ट. वाशिमच्या एका संस्थेचे पुरस्कार होते. त्यात माझं नाव लागावं म्हणून मी जे जे करायचं ते केलं होतं; आयोजकांना दोनदा चहा, एकदा घरचे हुरड्याचे वडे. बोलता बोलता मी काकूंचं काम सांगितलं, थोडं त्यांच्यासाठी आणि बरंचसं अशा लोकांत माझी ऊठबस आहे हे दाखवण्यासाठी. आयोजक चहा अर्धा टाकून उठले. "हे पाह्यजे होतं आमाले!" म्हणाले. मी त्यांना घेऊन अनसिंगला मास्तरांच्या घरी गेलो, पाहुण्यांच्या पुढे दोन पावलं चालत.

पुरस्काराचं नाव त्यांनी गाडीतच ठरवलं होतं: 'ऊसतोड लेकरांची माय'.

मास्तरांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "सरकारची परवानगी घेतली का?"

"कलेक्टर साहेब येऊन राह्यले ना अध्यक्ष म्हणून," आयोजक म्हणाले.

"ते तुमचं सरकार. हिचं सरकार कोन?"

मला पुढचं माहीत होतं. आयर्लंड निघालं. आयोजक माना डोलवत ऐकत होते आणि मधून मधून माझ्याकडे पाहत होते. पाणी प्यायचं निमित्त करून मी आत गेलो. काकू चुलीपुढे होत्या, पण भाकरी तव्यावर करपत होती आणि त्यांचं लक्ष बाहेर होतं.

"भाऊ," त्या हळूच म्हणाल्या, "मले जायचं आहे. एकडाव त्या स्टेजवर बसून पाहायचं आहे. आयुष्यभर यांच्यासोबत खाली सतरंजीवर बसली मी, लोकाईचे सत्कार पाहत. यांले सांगा ना तुमी."

मी काकूंना काही मागताना कधी पाहिलं नव्हतं. मला वाईट वाटलं, खरंच वाटलं. बाहेर येऊन मी छाती काढून म्हणालो, "मास्तर, नवरा म्हणून तुम्ही परवानगी द्या आणि विषय संपवा."

"नवरा म्हंजे सरकार असते का रे इंग्रजी?" मास्तर म्हणाले. "मी लय झालं त विरोधी पक्ष. लेकरं ज्याहीची, सरकार ते."

म्हणजे आई-बापांना विचारायचं. आणि आई-बाप तिकडे उसाच्या फडात.

दुसऱ्या दिवशी दुपारी मास्तरांनी ओसरीवर खाट टाकली, फोन मधे ठेवला, स्पीकर लावला, आणि एकेकाला लावायला सुरुवात केली. मी हजर होतो, कारण काकूंचा पुरस्कार गेला तर आयोजक माझ्यावर नाराज होतील आणि माझंही नाव कटेल, ही काळजी मला होती. पोरं भोवती गोळा झालेली. फोनमधून कोयत्याचे आवाज, ट्रॅक्टर, कुणाचं तरी रडणारं तान्हं. मास्तर प्रत्येकाला सगळं समजावून सांगत, अगदी आयर्लंडसकट.

"आमी सरकार?" एक बाप हसायलाच लागला. "मास्तर, इथं मुकादम आमाले पानी प्याची परवानगी देत नाही!"

"पन तुमी देता का नाही?"

"देल्ली ना. दोनदा देल्ली. काकूले म्हना, साडी चांगली नेसजा."

असं चाललं. एकेक होकार आला की पोरं ओरडत, आणि दारात उभ्या काकू पदराने तोंड झाकून हसत. शेवटी राहिली पूजाची आई. पूजा नववीतली, घरातली सगळ्यात शांत पोरगी. मास्तरांनी सगळं सांगितलं.

"काय नाव म्हनलं बक्षिसाचं?" तिकडून आवाज आला.

"ऊसतोड लेकरांची माय."

ट्रॅक्टरचा आवाज लांब गेला; ती फोन घेऊन बाजूला झाली असावी.

"नाई," ती म्हणाली.

मला वाटलं तिला समजलं नाही. मी पुढे वाकून, माझ्या सगळ्यात शुद्ध मराठीत, "अहो ताई, ते फक्त गौरवाने म्हणायचं असतं," असं सांगितलं.

"मंग नका म्हनू," ती म्हणाली. "काकू पोरीले जेवू घालते, शाळेत धाडते. मी तिच्या पाया पडतो. तिले सोन्याचा मुकुट घाला, माहं काही म्हननं नाई. पन पोरीची माय म्हनून दुसरीले स्टेजवर बसवसान, त मी कोन? मी का मेली? मी इथं फडात आहो, भाऊ. तिच्यासाठीच आहो."

पूजा उठून मागच्या अंगणात गेली. मास्तरांनी "बरं बाई" म्हणून फोन ठेवला. काकू दारातून आत वळल्या. थोड्या वेळाने आतून भाकरी थापल्याचा आवाज यायला लागला, नेहमीपेक्षा जोरात.

"खरं आहे तिचं," त्या आतूनच म्हणाल्या. "सांगून द्या त्याहीले. नाही येत म्हणा."

मी घरी आलो. एका अडाणी बाईने सगळा कार्यक्रम बुडवला असं माझ्या मनात आलं, आणि ते मी बायकोला बोलूनही दाखवलं. तिने माझ्यापुढचं ताट उचललं. माझं जेवण व्हायचं होतं.

सकाळी मी वर्गात असताना मास्तर दारात येऊन उभे राहिले. ते कधी कुणाचा तास मोडत नसत. "इंग्रजी," ते म्हणाले, "आपन मूर्ख आहो. आयर्लंडवाले काय करतात? सन्मान घेतात. पदवी लावत नाहीत."

आम्ही व्हरांड्यातच उभे राहिलो आणि मास्तरांनी फोन लावला. पूजाच्या आईने उचलला.

"ते नाव लावनार नाही," मास्तर म्हणाले. "नुसता सन्मान घेईन. चालते का?"

"मंग काय म्हनतीन तिले?"

"तिच्या नावानं बोलावतीन."

"काय नाव हाय काकूचं?"

मास्तरांनी फोन कानापासून दूर धरला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला ते माहीत नव्हतं. इतक्या वर्षांच्या डब्यात काकू म्हणजे काकूच होत्या. मास्तरांना माहीत होतं, पण मला वाटतं लग्नात उखाणा घेतल्यानंतर ते तोंडातून काढायची वेळ त्यांच्यावर आली नसावी. ते लाजले. साठीला टेकलेला माणूस कॉलेजच्या व्हरांड्यात, पोरांसमोर, कानापर्यंत लाल झाला.

"सुमन," ते म्हणाले.

"चांगलं हाय की," फोनमधून आवाज आला. "हो म्हना. पन मले पाहा लागते. तो फोटोवाला फोन लावजा."

आयोजकांना ही अट मी कळवली. ते म्हणाले, फ्लेक्स छापून झाला आहे. मी म्हणालो, कापा. ते म्हणाले, कलेक्टर साहेबांच्या फोटोला लागून आहे, कापता येत नाही. पण तोंडाने म्हणणार नाही, शब्द दिला. शब्द दिल्यावर मी निश्चिंत झालो. एवढी वर्षं पुरस्कार घेऊनही मला आयोजक कळले नव्हते.

वाशिमच्या सभागृहात काकू पहिल्या रांगेत बसल्या, माझ्या बायकोची निळी साडी नेसून. शेजारी मी, नवीन जाकिटात. मागे मास्तर आणि पोरं, मास्तरांच्या हातात उंच धरलेला फोन, फोनमध्ये फडात उसाच्या पाचटावर उभी असलेली पूजाची आई. सूत्रसंचालक शायरी म्हणणारा होता. त्याने आवाज चढवत चढवत नेला आणि हात पसरून पुकारलं, "ऊसतोड लेकरांची माय!"

टाळ्या झाल्या. काकू उठल्या नाहीत.

त्याला वाटलं ऐकू आलं नाही. त्याने पुन्हा पुकारलं. काकू हात मांडीवर ठेवून समोर बघत बसलेल्या. मी त्यांच्याकडे वाकलो, "काकू, चला ना, लोक पाहून राह्यले." माझी सगळी प्रमाणभाषा त्या क्षणी माझ्या गावी, इंझोरीला परत गेली होती. त्यांनी मान हलवली. ज्या स्टेजवर त्यांना एकदा बसायचं होतं, ते दहा पावलांवर होतं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि त्या हलत नव्हत्या. कलेक्टर साहेब शाल उलगडून धरून उभे. माझ्या मनात आलं, आता माझाही नंबर गेला. तेवढ्यात मागून मास्तरांचा आवाज आला, वर्गातला, शेजारच्या वर्गालाही ऐकू जाणारा.

"सुमन!"

सगळं सभागृह मागे वळलं. मास्तर उभे होते. "त्या बाईचं नाव सुमन आहे," ते सूत्रसंचालकाला म्हणाले. "नावानं बोलाव."

त्याने नावाने बोलावलं. काकू उठल्या, पदर सारखा केला आणि वर गेल्या. शाल घेतली, खांद्यावर राहू दिली, आणि खुर्चीत टेकून बसल्या, अगदी पाठ लावून. मास्तर टाळ्या वाजवू शकत नव्हते, फोन हातात होता. पोरांनी त्यांच्याही वाट्याच्या वाजवल्या.

मग माझं नाव पुकारलं गेलं. मी धावतच गेलो. माझ्या नावाआधी तीन पदव्या लावल्या होत्या, मीच लिहून दिलेल्या. फोटो काढला तेव्हा खाली पाहिलं तर ओळखीचं एकही तोंड माझ्याकडे नव्हतं. सगळी पोरं मास्तरांच्या फोनभोवती गोळा झाली होती. मी सन्मानचिन्ह काखेत मारून खाली उतरलो आणि त्यांच्यात घुसलो. काकूही शालीसकट तिथे आल्या.

फोनमध्ये पूजाची आई डोळ्यांवर हात धरून, ऊन अडवून, पडद्यात पाहत होती. काकूंकडे नाही. पूजाकडे.

"फिर माय," ती म्हणाली. "मागून पाहू दे."

पूजा वळली, पाठीवरची वेणी दिसेल अशी.

"येनी कोनं घातली?"

"काकूनं," पूजा म्हणाली.

पूजाची आई पाहत राहिली. मागे कोणीतरी तिला हाका मारत होतं, गाडी भरायची होती.

"मीबी अशीच घालतो," ती म्हणाली. "चांगली घातली, सुमनबाई."

तेव्हा काकू रडल्या. मास्तरांनी फोन माझ्या हातात दिला आणि काकूंच्या खांद्यावरून घसरलेली शाल पुन्हा नीट घातली.